फॅमिली ग्रुपवरचा मेंदू

वाशी
जि. धाराशिव, १२ जानेवारी २०२५

गजराबाई,

सलाम घे, नमस्कार घे, जो लागू पडेल तो. फोन असताना पत्र कशाला, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणशील, म्हणून तेच आधी सांगते. मोबाईलवर बोट वर सरकवलं की अक्षरांबरोबर भिंती पण सरकतात. आणि बोलावं म्हटलं तर सूनबाई मिनाज दाराशी मेथी निवडत बसलेली. एक जुडी ती पाऊण तास निवडते. त्यापेक्षा कागद बरा. हलत न्हाय आणि ऐकत पण न्हाय.

तर बातमी अशी, की माझ्या डोक्याचे फोटो निघाले. सदुसष्ट वर्षांत माझे धड तीन फोटो निघाले असतील, लग्नातला धरून. आता एकदम दीडशे, ते पण आतून.

झालं असं, की डिसेंबरात फळीवरची लोणच्याची बरणी काढायला वर बघितलं आणि पडले. बरणी वाचली. शेजारच्या तुळजाबाईनं सादला पुण्याला फोन लावला, आणि माझा लेक रातोरात गाडी घेऊन हजर. बायको मिनाज आणि चार वर्षांची मदिहा यांना सोबत घेऊनच आला. दोघींना इथंच ठेवून गेलाय, माझ्यावर लक्ष ठेवायला. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, चक्कर कधी येते? मी म्हटलं, कधीपण. त्यांना तेवढंच पाहिजे होतं. लगेच चिठ्ठी लिहिली.

ते मशीन म्हणजे पिठाच्या गिरणीच्या पोटात आडवं व्हायचं. आधी बांगड्या, बाळ्या, नाकातली चमकी, सगळं साबण लावून काढलं. मशीनवरचा माणूस म्हणतो, "आजी, अजिबात हलायचं न्हाय." मी मनात म्हटलं, बाबा, मी कुठं हलतेय, जग हलतंय, त्याला सांग.

रिपोर्ट असा: मेंदूच्या पांढऱ्या भागात वयोमानाप्रमाणे बारीक ठिपके, मेंदू किंचित आकसलेला, बाकी विशेष काही नाही. साद 'आकसलेला' पर्यंत वाचून थांबला. इंजिनियर माणूस, शेवटची ओळ वाचायची सवय न्हाय. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दुबईच्या भाच्यानं, माजनं, रडका चेहरा पाठवला. कुणी बदाम सांगितले. नळदुर्गच्या खालाला वाटलं कुणाची तरी सोनोग्राफी आहे, तिनं मुबारकबाद दिली.

तू तरी काहीतरी शहाणपणाचं लिही.

तुझी,
आकसलेली हमिदा


जळकोट
२० जानेवारी २०२५

हमिदास, दोन वर्षांनी मोठी असल्याच्या हक्कानं आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर थोडं उताराला लागलंय, पण येडशीच्या शाळेत असतानाही ते सरळ कधी होतं. तुझे फळ्यावरचे सुविचार उजवीकडं खाली घसरत जायचे आणि मी हेडबाई असून काही बोलत नसे, कारण सुविचार बरे असायचे.

मेंदू आकसला म्हणे. आपल्या खात्यात काहींचा नेमणुकीच्या दिवशीच आकसलेला असायचा, आणि ते विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तेव्हा एवढं मनाला लावून घेऊ नको. जेवण वेळेवर कर. वर बघून बरण्या काढायचं वय गेलं, बरण्या खाली आण. रात्री सुंठ घे. हे सगळं तू करणार नाहीस, मला ठाऊक आहे.

साद काळजीचा पोरगा आहे. चौथीत असताना पेन्सिल हरवली तर शाळाभर पंचनामा करायचा. त्याच्यावर चिडू नको.

बरं, आठवण झाली म्हणून विचारते. आपण पोरांना रामलिंगला नेलं होतं, तेव्हा माकडानं कुणाचा डबा पळवला? साल कोणतं गं ते? आणि आपल्या शाळेला तेव्हा खोल्या किती होत्या? सहज विचारते हं. म्हातारपणी जुनं आठवलं की बरं वाटतं.

तुझी,
गजराबाई


वाशी
२९ जानेवारी २०२५

हेडबाई,

तुमचं पत्र तपासून सोबत परत पाठवलंय. लाल पेन मिळालं न्हाय म्हणून मदिहाच्या रंगीत खडूनं तपासलं. दहापैकी चार. शेरा वाच: 'प्रश्न आठवणीचे नसून तपासणीचे आहेत.' एकवीस वर्षं तुझ्या हाताखाली काढली, तुझं 'सहज' मला शंभर हातांवरून कळतं.

तरी उत्तरं लिहिते, न्हायतर म्हणशील टाळलं. डबा तुझा होता. साल शहाण्णव. माकडानं भाकरी फेकून दिली, तुझा ठेचा खाल्ला आणि सबंध डोंगराला ऐकू जाईल असं ओरडलं. खोल्या पाच होत्या, त्यातली एक गळकी, आणि गळक्या खोलीत तू कायम मला वर्ग दिलास. हे पण आठवतं. पाहिजे तर पगाराच्या दिवशी तुझ्या पदराला कुठली पिन असायची ते सांगू?

आता घरचा हाल ऐक. स्वयंपाकघरात सादनं सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्यात. ज्या डब्यावर 'साखर' लिहिलंय त्यात ज्वारीचं पीठ आहे, म्हणजे आता खरंच घोटाळा होणार. गॅस मिनाज लावते आणि मिनाजच बंद करते. मदिहाला शिकवून ठेवलंय, ती उठल्याउठल्या माझ्या तोंडासमोर हात नाचवते, "दादी, कितने उंगलियां?" मी सात सांगते. तिला तेवढं मोजता येत न्हाय, म्हणून पास होते.

माझ्या स्कूटीची किल्ली सादनं लपवून ठेवली. पिठाच्या डब्यात. भाकरीचं पीठ रोज कोण मळतं याचा विचार केला न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला लागली. मी परत तिथंच पुरून ठेवली. घाबरलेल्या माणसाचं तेवढं तरी समाधान होऊ दे.

आणि खरं दुखणं ते हे. दारावर पाटी लागलीय: घर भाड्यानं देणे आहे. ईद झाली की सहा एप्रिलच्या रविवारी मला पुण्याला न्यायचं ठरलंय, नवव्या मजल्यावर. मी पंधरा वर्षं हप्ते फेडून दोन खोल्या बांधल्या, तिथं भाडेकरू. न्यायला विरोध केला तर साद हळू आवाजात, लहान पोराशी बोलावं तसं बोलतो. त्या आवाजाची मला भीती वाटते गं. माणूस एकदा त्या आवाजात बोलायला लागला की आपण काहीही बोललो तरी ते दुखण्यातच धरतात.

परवा म्हणाला, "अम्मी, तुळजापूर के स्टँडपर तुम मॅडमको भूलके चले आए थे ना." त्या दिवशी स्टँडवर आपण दोघीच होतो. तिसरी आई भवानी, आणि ती सादला फोन करायची न्हाय.

मग त्याला कुणी सांगितलं?

हमिदा


जळकोट
६ फेब्रुवारी २०२५

हमिदा,

मी सांगितलं.

तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच, जानेवारीच्या तीन तारखेला, सादचा फोन आला होता. म्हणाला, मॅडम, आई काही विसरते का, खरं सांगा. खोटं बोलायचं नाही हे चौथीत मीच त्याला छडी घेऊन शिकवलं. ते असं माझ्यावरच फिरेल असं वाटलं नव्हतं. सांगून टाकलं. डब्याचे प्रश्न पण त्याचमुळं विचारले. तुला सापडले, बरं झालं.

पण तूही माझ्या जागी उभी राहून बघ. दिवाळी झाल्यावर आपण देवळापाशी भेटलो, चांगल्या हिंडलो. स्टँडवर तू म्हणालीस, घसा सुकला. मी उसाचा रस आणायला गेले. परत आले तर तू नाहीस. मी दोन ग्लास हातात धरून दीड तास उभी. आधी चिडले, मग शोधायला लागले, शेवटी भ्याले. बायकांच्या मुतारीत हाका मारल्या. कंट्रोलरच्या खिडकीत जाऊन तुझं वर्णन सांगितलं, तो म्हणाला, "आजी, तुमचंच नाव काय?" संध्याकाळी तुझा फोन, की मी घरी पोचले, सॉरी हं, ध्यानातच राहिलं नाही. एकवीस वर्षं एका शाळेत काढलेली मैत्रीण ध्यानात राहिली नाही.

मी हे माझ्या लेकाला, महारुद्रला, सांगितलं नाही, सुनेलाही नाही. तीन रात्री झोपले नाही. मला वाटलं, हमिदा चालली आपल्या हातातून. आता तू सांग, मी सादला दुसरं काय सांगणार होते?

गजरा


जळकोट
१८ फेब्रुवारी २०२५

हमिदा,

उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा अडवलं, तो आता रस्ता बदलून जातो. रागावली असशील तर रागाचं लिही. पूर्वी माझ्यावर राग आला की तू हजेरीपटावर सही न करता वर्गात जायचीस, तेवढं तरी कळायचं.

गजरा


वाशी
२४ फेब्रुवारी २०२५

गजराबाई,

राग आहेच. तो वेगळ्या कागदावर लिहिला होता, मदिहानं त्याची होडी केली. म्हणून आता नुसतं खरं लिहिते. तुला खऱ्याची लई हौस ना. घे.

मी तुला विसरले नव्हते. तू रस आणायला गेलीस आणि मी चपलेचा पट्टा लावायला खाली वाकले. सगळं स्टँड गर्रकन फिरलं. उरुसातल्या पाळण्यात बसवावं आणि पाळणेवाल्यानं जेवायला जावं, तसं. खांबाला मिठी मारली. मागं दोन बाया उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "दिवसाढवळ्या घेतलेली दिसतीय." सदतीस वर्षं बाई म्हणून जगले गं मी. अर्ध्या तालुक्यानं माझ्या हाताखाली मुळाक्षरं गिरवली. डोक्यावर ओढणी घेऊन मी खांबाला लटकलेली, आणि तिकडून तू येत होतीस, दोन्ही हातांत ग्लास, हसत. तुला तसं दिसायचं नव्हतं मला. समोर लागलेल्या गाडीत चढले. ती निघाली बार्शीची. बार्शीहून वाशीला कशी आले ते माझं मलाच ठाऊक. विसरले म्हणाले, कारण विसरणं म्हातारीला शोभतं. लटकणं शोभत न्हाय.

आणि आता सुरुवात केलीच आहे तर दुसरं पण लिहिते. हे मी डॉक्टरला सांगितलं न्हाय, सादला न्हाय, कुणालाच न्हाय.

सजद्यात होतं. नमाजमध्ये खाली वाकून कपाळ जमिनीला टेकलं की दोन क्षण काही न्हाय, मग घर फिरायला लागतं. अर्धा मिनिट. मग थांबतं. सप्टेंबरपासून असंच. दोन महिने दात आवळून केलं, एकदा अंग कलंडलं तेव्हापासून खुर्चीवर बसून नमाज पढते. विचारलं तर सांगते, गुडघे धरलेत. डॉक्टर 'कधी' म्हणाला तेव्हा साद शेजारी उभा होता. काय सांगू त्याला? जिथं माणूस अल्लापुढं डोकं ठेवतो नेमकी तिथंच जमीन मला ठेवून घेत न्हाय, हे कुठल्या तोंडानं सांगू? मला वाटतं माझं काहीतरी चुकलंय. सादचे अब्बा वलीसाहेब आजारी असताना मी शाळेची परीक्षा घेत बसले, त्याचं असेल का, असले विचार येतात. मशीनमध्ये आडवी होते तेव्हा एकच भीती होती, की हे पण त्या फोटोत दिसेल.

आता चंद्र दिसला की रोजे सुरू होतील. सगळा रमजान खुर्चीवर, आणि ईद झाली की नववा मजला.

एवढं खरं पुरे का?

हमिदा


जळकोट
२८ फेब्रुवारी २०२५

हमिदा,

पत्र वाचून मी ओसरीवर बसले आणि रडले. सून विचारायला आली तर म्हटलं, कांदा. हातात कांदा नव्हता.

चुकलं माझं. हे वाक्य मी पूर्ण सेवेत एकदाही लिहून दिलेलं नाही, जपून ठेव. तू दोन ग्लास बघून पळालीस आणि मी दीड तासात तुला वेडी ठरवून मोकळी झाले. विचारायचं होतं एकदा, की का गेलीस. नाही विचारलं.

आता रडणं बाजूला. तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. गुडघ्याचं सोंग तीन-चार महिने कुणाला कळू नये, इतके घरातले सगळे तुझ्या मेंदूच्या मागं लागलेत.

इथं हायवेला शिवप्पाचं पंक्चरचं दुकान आहे. दिवसभर ट्रकखाली उताणा पडलेला माणूस. मागच्या पावसाळ्यात त्याला असंच झालं. उताणा पडून मान उजवीकडं केली की ट्रक फिरायचा, अर्धा मिनिट, मग बंद. त्यानं लिंबू उतरवले, दृष्ट काढली, ट्रकचीसुद्धा काढली. मग कुणीतरी त्याला धाराशिवला स्टँडच्या मागं बसणाऱ्या कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कानाच्या, हमिदा. डॉक्टरांनी त्याला खाटेवर आडवा केला, मुंडी इकडून तिकडं वळवली आणि पाच मिनिटांत घरी लावला. आता परत ट्रकखाली असतो, आणि तिथूनच मला नमस्कार करतो. म्हणे कानाच्या आत तोल सांभाळायची जागा असते, तिथले बारीक कण सुटून भलत्या नळीत गेले की असं होतं. डोकं वाकवलं की ते कण घसरतात, आणि मेंदूला वाटतं जग फिरलं. मी आज मुद्दाम जाऊन त्याच्याकडून सगळं परत ऐकलं. त्याला अर्धं आठवत होतं, अर्ध्याचं त्यानं हातवारे करून दाखवलं.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ते हे असं. कान फिरतोय आणि आपण मेंदूचे फोटो काढून दुबईला पाठवतोय.

आता माझी शेवटची प्रश्नपत्रिका. या वेळी 'सहज' नाही. उजव्या कुशीवर वळलं की येते का? वर फळीकडं बघितलं की? मिनिटाच्या आत थांबते का? आणि हे नीट वाच: बोलताना जीभ जड होते का, एक हात किंवा पाय लुळा पडतो का, एकाचे दोन दिसतात का? या शेवटच्या तीनपैकी एक जरी असेल तर माझी वाट बघू नको, सादला सांग आणि तसंच मोठ्या दवाखान्यात जा. शिवप्पालाही डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं होतं.

नसेल तर मंगळवारी, अकरा मार्चला, दहा वाजता धाराशिव स्टँडवर. मी रस आणणार नाही. तू जागेवरून हलायचं नाही.

तुझीच,
गजरा


वाशी
५ मार्च २०२५

गजराबाई,

तुझ्या पेपरची उत्तरं. पहिल्या तिन्हीला हो. शेवटच्या तिन्हीला न्हाय. एकाचे दोन तर अजिबात दिसत न्हायत, एक साद पुरेसा आहे.

आता एक गोष्ट लिहिते, तिची मलाच लाज वाटते. पहिल्या रोज्याला राहवलं न्हाय. दार लोटून जानमाज जमिनीवर अंथरली आणि सजद्यात गेले. घर फिरलं, मी कलंडले. मिनाज आत आली. मला धरून बसवलं, पाणी देणार होती, मग रोजा आठवला तेव्हा नुसती पाठीवर हात ठेवून बसली. म्हणाली, "अम्मी, ये सिर्फ झुके तोच होता क्या?" सहा महिन्यांत हा प्रश्न विचारणारी तू पहिली आणि ती दुसरी. मी मान हलवली. ती म्हणाली, तिला महिन्यापूर्वीच शंका आली होती, खुर्चीवरून उठताना माझे गुडघे कधी कुरकुरले न्हायत म्हणून.

आणि ती मेथी. मी समजत होते, ती माझ्यावर पाळत ठेवतेय. ती दाराशी बसायची कारण मी पडले तर धरायला कुणीतरी जवळ असावं म्हणून. मला सांगितलं न्हाय, कारण मी चिडले असते. चिडलेच असते.

सादला विचारलं तर म्हणतो, "अम्मी, रिपोर्टमें ब्रेन का लिखेला है, कान का कहां है." त्याच्या हिशोबी जे फोटोत न्हाय ते अंगात न्हाय. मंगळवारी मिनाज मला घेऊन येईल. त्याला सांगायचं न्हाय असं तिनंच ठरवलंय. पोरगी कामाची निघाली.

एकच विचारते. तिथं पण काही न्हाय निघालं तर? तर मग मी खरंच डोक्याचीच पेशंट ना?

हमिदा


जळकोट
१३ मार्च २०२५

चिरंजीव साद वली यास,

मी तुझी चौथीची वर्गशिक्षिका. हे पत्र बसून वाचावं आणि शेवटपर्यंत वाचावं. दुसरी सूचना खास तुझ्यासाठी आहे.

परवा तुझ्या आईला मी आणि मिनाज कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. तुला विचारलं नाही. तुला विचारलं असतं तर तू ग्रुपवर मतदान घेतलं असतंस.

डॉक्टरांनी विचारलं, चक्कर कधी येते. तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं, मिनाजकडं बघितलं, आणि सांगितलं: सजद्यात. डॉक्टर हसले नाहीत, दचकले नाहीत. म्हणाले, कोणत्या कुशीवर जास्त? त्यांनी तिला खाटेवर बसवून मान उजवीकडं वळवली आणि झटक्यात मागं आडवं केलं. दोन क्षणांनी तिचे डोळे नाचायला लागले. खोटं सांगत नाही, बुबुळं गोल फिरत होती. डॉक्टरांनी मिनाजला जवळ बोलावून दाखवलं. म्हणाले, हा बघा तुमचा रिपोर्ट. मग मान डावीकडं, मग कुशीवर, मग उठून बसवलं. पाच मिनिटं झाली. जरा थांबून परत एकदा. गिळायला काही दिलं नाही, त्यामुळं रोजाही शाबूत. आठ दिवसांनी परत दाखवायचं आहे, कारण कधीकधी हे उलटून येतं. आलं तर परत तेच करायचं.

तू काढून घेतलेले मेंदूचे फोटोही त्यांनी दिव्यावर धरून बघितले. ते म्हणाले, ते कण या फोटोत दिसतच नाहीत. अशा चकरेच्या बहुतेक लोकांच्या मेंदूच्या फोटोत कामाचं काही सापडत नाही, आणि सापडतात ते हेच ठिपके. केस पिकतात तसे ते वयानं येतात. त्यावरून माणूस विसराळू ठरत नाही. पण जीभ अडखळली, अंग लुळं पडलं, तर फोटो पहिला. म्हणजे मशीन वाईट नाही. तू वाचलंस वाईट.

आता सोबतचा कागद उघड. तो २०१७ सालचा आहे. मला तेव्हा डोकेदुखी होती, सोलापूरला फोटो काढला होता. वाच: मेंदूच्या पांढऱ्या भागात वयोमानाप्रमाणे बारीक ठिपके, मेंदू किंचित आकसलेला, बाकी विशेष काही नाही. वरचं नाव झाकून ग्रुपवर टाक आणि विचार, हा मेंदू कुणाचा. सगळे म्हणतील, हमिदाचा.

हेच ठिपके घेऊन मी नातीला, अर्पिताला, स्कॉलरशिपला बसवलं. पोरगी जिल्ह्याच्या यादीत आली. हेच ठिपके घेऊन मी तुझ्याशी तीन जानेवारीला फोनवर बोलले, आणि तू मला तज्ज्ञ धरून माझ्या शब्दावर आईचं घर भाड्याला काढलंस.

हा कागद आठ वर्षं माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी आहे. महारुद्रला दाखवला नाही. दाखवला असता तर माझ्याही डब्यांना चिठ्ठ्या लागल्या असत्या, हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्या डोक्यातले ठिपके मी लपवले, आणि तुझ्या आईच्या डोक्यातल्या ठिपक्यांना माझी साक्ष जोडून दिली. याची मला फार शरम वाटते, साद. तुला रागवायच्या आधी ती सांगणं भाग होतं.

तू वाईट मुलगा नाहीस. तू घाबरलेला मुलगा आहेस. आई पडली म्हटल्यावर रातोरात गाडी काढणारा मुलगा सगळ्यांना मिळत नाही. पण भीतीपोटी आई उचलून नवव्या मजल्यावर ठेवता येत नाही.

गृहपाठ: रिपोर्टमधली शेवटची ओळ दहा वेळा लिहून काढणे. अक्षर नीट. पुढच्या शनिवारी आईला दाखवून सही घेणे.

तुझी,
गजराबाई


वाशी
२ एप्रिल २०२५

गजराबाई,

ईद मुबारक. शिरखुर्मा एसटीच्या पार्सलनं पाठवणार होते, मिनाज म्हणाली तुळजापूरला पोचेपर्यंत त्याचं दही होईल. म्हणून तूच ये.

मधे आठव्या दिवशी परत दाखवून आले. थोडं उरलं होतं, परत मान वळवली. आता नुसतं पहाटे उठताना पाय जरा जपून टाकते.

साद त्या शनिवारी आला. जेवला. मग बॅगेतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. दहा ओळी. बाकी विशेष काही नाही, बाकी विशेष काही नाही. छत्तीस वर्षांचा बाप्या, कंपनीत हाताखाली चाळीस माणसं. मी सही केली आणि शेरा लिहिला, 'अक्षर सुधारावे'. तेव्हा त्याला रडू आलं. मला पण आलं, पण मी म्हटलं, कांदा. ते तुझ्याकडून शिकले. म्हणाला, "अम्मी, मैं डर गया था." मी म्हटलं, मैं भी, बेटा. डिसेंबरपासून कधी घरात, कधी फोनवर आम्ही दोघं एकमेकांना भीत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो.

तुझा रिपोर्ट त्यानं ग्रुपवर टाकला न्हाय. तो परत पाठवतेय. ट्रंकेत ठेवू नको. महारुद्रला दाखव, मी शेजारी बसते पाहिजे तर.

दारावरची पाटी सादनंच काढली. चांगल्या पत्र्याची होती, रांजणावर झाकण म्हणून बसलीय. रविवारी पुण्याला जायचंय, पण आठ दिवस, आणि येतानाचं तिकीट आधी काढलंय. मिनाजनं काढून दिलं.

ईदच्या दुपारी सादनं स्वतःच म्हटलं, अम्मी, स्कूटी चालू करून बघू. आणि किल्ली सापडेना. कपाटं बघितली, खिसे बघितले, गाडीच्या सीटखाली हात घातला. तासभर घर उलथंपालथं. कुठं ठेवली ते त्याला आठवेना. मी बसून बघत होते, ईदचा दिवस, एवढी करमणूक कशाला सोडा. शेवटी मदिहाला जवळ बोलावलं, त्याच्या तोंडासमोर तिचा हात धरला आणि म्हटलं, "बेटा, कितने उंगलियां?" मिनाज हसून भिंतीला टेकली. मग मी सांगितलं, तिसरा डबा, ज्याच्यावर साखर लिहिलंय तो.

आणि एक. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली गोष्ट आहे, तुला सांगायची राहिली होती. खुर्ची बाजूला सारली. मिनाज दाराशी बसली, या वेळी मेथीशिवाय, उघडपणे. मी हळूच खाली गेले. कपाळ टेकलं. दोन क्षण वाट बघितली, आता फिरेल म्हणून. तीन, चार. घर जागेवर होतं. जमीन थंड होती आणि ती तिथंच होती. बाहेर कुणीतरी बादली आपटत होतं. मी तशीच राहिले, जेवढं राहायचं असतं त्याच्यापेक्षा लई जास्त. उठावंसंच वाटेना. शेवटी मिनाज घाबरून जवळ आली, मला झोप लागली की काय ते बघायला.

तुझी,
हमिदा